सुमनताईंच्या नावाचा जंत

एका दुपारी सर माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले आणि आजूबाजूला कुणी नाही असं बघून हळूच म्हणाले, "ग्रंथपाल, तुमच्याकडे वाळवी आहे का?"

ग्रंथालयात असा प्रश्न कुणी विचारत नाही. मी म्हणाले, "सर, आपल्याकडे दरवर्षी फवारणी होते."

"ते नाही विचारलं मी. आहे का?"

जुन्या गॅझेटिअरांच्या कपाटामागं, भिंतीच्या कोपऱ्यात होती. मी दाखवली. सरांनी एका खिशातून होमिओपॅथीच्या गोळ्यांची रिकामी बाटली काढली, दुसऱ्या खिशातून बारीक कुंचला काढला आणि खाली बसून एकेक वाळवी अलगद बाटलीत भरली. उठताना कपाटाला धरून उठले. "फवारणी जरा लांबवता आली तर बघा," एवढं म्हणून निघून गेले.

वाळवी कशाला हवी होती ते पुढं येईलच. सरांना जाऊन आता बरेच महिने झाले. कुणाबद्दल लिहायचं तर जन्म, गाव, शिक्षण इथून सुरुवात करायची रीत आहे, पण सरांचं त्यातलं मला फारसं ठाऊक नाही. इतक्या वर्षांत मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. बाटल्यांनी फुगलेले ते दोन खिसे मात्र मला अजून दिसतात.

आमच्या महाविद्यालयात ते प्राणिशास्त्र शिकवायचे. मी नोकरीला लागले तेव्हा त्यांची निवृत्ती जवळ आली होती. निवृत्त झाल्यावरही ते रोज उस्मानपुऱ्यातल्या घरून चालत ग्रंथालयात यायचे आणि खिडकीजवळच्या टेबलावर बसायचे. त्यांचा विषय जंत. माणसांचे नव्हे, तर पाली, सरडे, सापसुरळ्या यांच्या आतड्यांतले. मुलं त्यांना जंत सर म्हणत आणि हे त्यांना माहीत होतं. एकदा जिन्याखालून कुणीतरी ओरडलं, "जंत सर आले रे." सर वरून वाकून म्हणाले, "कोणते? गोल का चपटे?" पोरं पळाली. सर खरोखर उत्तराची वाट बघत थांबले होते.

ते सगळं शिसपेन्सिलीनं लिहायचे. नमुन्याच्या बाटलीत स्पिरिट असतं आणि त्यातच चिठ्ठी घालावी लागते. शाई स्पिरिटात पळते, शिसं राहतं. ही सवय पुढं सगळीकडे लागली. ग्रंथालयाच्या नोंदवहीत सही पेन्सिलीनं, लग्नाच्या आहेरावर नाव पेन्सिलीनं. एका नोव्हेंबरात बँकेत हयातीचा दाखला द्यायला गेले आणि तोही पेन्सिलीनं भरला. खिडकीतला मुलगा म्हणाला, "काका, जिवंत असल्याचं पेन्सिलीनं चालत नाही. उद्या कुणी खोडलं तर?"

"शाईनं लिहिलेले खोडले जात नाहीत का?" सरांनी विचारलं.

हे त्यांनी मला सांगितलं तेव्हा मी हसले. त्यांना त्यात हसण्यासारखं काय आहे ते कळलं नाही. तो मुलगा योग्यच बोलला असं त्यांचं मत पडलं होतं आणि त्यांनी दाखला पुन्हा पेनानं भरून दिला होता.

लग्नात जेवायला बसले की शेजारच्या अनोळखी माणसाला ते विचारत, "लहानपणी तुम्हाला जंत झाले होते का? लांब होते?" समोरच्याचा घास हातातच राहायचा. मग पलीकडून सुमनताई त्यांची बाही ओढायच्या. "जेवू द्या हो त्यांना." सुमनताई म्हणजे सरांच्या पत्नी. त्या गेल्या आणि बाही ओढणारं कुणी उरलं नाही, तेव्हा सरांनी लग्नांना जायचंच सोडलं.

सुमनताई प्राथमिक शाळेत शिकवायच्या. शाळेत जंताच्या गोळ्या वाटायचा दिवस असतो, त्या दिवशी त्या सकाळी डबा भरताना सरांना म्हणायच्या, "तुम्ही जमवा, मी मारते." घरात मूलबाळ नव्हतं. संध्याकाळी दोघं गुलमंडीच्या बाजारापर्यंत पायी जायचे, काही न घेता परत यायचे. मी त्यांना तसं जाताना अनेकदा पाहिलं आहे. सर पुढं, सुमनताई चार पावलं मागं, आणि बोलणं मात्र अखंड चालू.

एका वाढदिवसाला सर साडी घ्यायला निघाले तर त्या म्हणाल्या, "साडी नको. आयुष्यभर इतके जंत शोधले तुम्ही, एकाला माझं नाव द्या. आमच्या शाळेतल्या एकाही बाईच्या नावाचा जंत नाही."

ही थट्टा होती, पण सरांनी ती तशी घेतली नाही. मला त्यांनी समजावून सांगितलं होतं. पूर्वी कुणीच न पाहिलेला जंत सापडला तर शोधणारा त्याला नाव देतो. ते माणसाचंही देता येतं. शेवटी एक लॅटिन प्रत्यय लावला की अर्थ होतो, सुमनचा. ते नाव एकदा छापून आलं की कुणालाही बदलता येत नाही. गावांची नावं बदलतात, विद्यापीठांची बदलतात, हे बदलत नाही. अडचण एवढीच, की सरांना नोकरीभर सापडलेले सगळे जंत आधी कुणीतरी पाहिलेले निघाले.

सुमनताई गेल्या तेव्हा मी भेटायला गेले होते. दोन खुर्च्या होत्या, एकीवर मला बसवलं. दुसरीवर ते बसले. मग म्हणाले, "नाव राहिलं."

त्यानंतर ते अधिकच येऊ लागले. ग्रंथालय उघडायच्या आधी पायरीवर बसलेले असत. मलाही घरी जायची घाई नसायची, त्यामुळं संध्याकाळी दिवे घालवताना आम्ही दोघंच असायचो. त्यातल्या एका संध्याकाळी ते म्हणाले होते, "रानातला कुठलाही प्राणी एकटा नसतो, ग्रंथपाल. उघडून बघा. आत कुणी ना कुणी असतंच. आपण त्याला रोग म्हणतो. त्याच्या बाजूनं बघितलं तर ते घर आहे."

निवृत्तीपासून त्यांचा एक नियम होता. अभ्यासासाठी प्राणी मारायचा नाही. कुणी मारलेला, रस्त्यावर चिरडलेला मिळाला तरच उघडायचा. मी कारण विचारलं तर म्हणाले, "नोकरीत मारले ते अभ्यासक्रमानं मारले. आता मारले तर मी मारले." या नियमानं त्यांचं कामच जवळपास बंद पडलं, कारण पोशिंदा मेला की जंतही थोड्याच वेळात मरतो, आक्रसतो, विरघळतो. मेलेल्या जंतावरून तो कोण होता ते नीट सांगता येत नाही. ज्या प्राण्याच्या आत जंत राहतो त्याला सर पोशिंदा म्हणत. होस्ट हा शब्द त्यांना आवडत नसे. "होस्ट हॉटेलात असतो," असं म्हणत.

सुमनताई गेल्याच्या पुढल्या वर्षी महाविद्यालयाच्या बागेत माळ्यानं फावड्यानं साप मारला. तो साप नव्हता. ती सापसुरळी होती, तीही बिनपायाची म्हणावी अशी. वीतभर, तांबूस, तेल लावल्यासारखी चकचकीत. पाय चार असतात, पण आगकाडीच्या टोकाएवढे, आणि चालताना ती ते अंगाला चिकटवून घेते. म्हणून जिथं दिसेल तिथं लोक तिला साप म्हणून मारतात. सर सगळ्यांना सांगत, "डोळे बघा. साप पापणी मिटत नाही. ही मिटते." पण फावडं हातात असताना पापणी कोण बघतो?

सर प्रयोगशाळेत धावले, मागोमाग मी. सापसुरळी अजून गरम होती आणि आतला चपटा जंत जिवंत होता. कोमट मिठाच्या पाण्यात सोडल्यावर तो वळवळला. मी त्या दिवशी सरांचा आवाज पहिल्यांदा चढलेला ऐकला. "लई वेगळा आहे हो, ग्रंथपाल. हा लई वेगळा आहे." मग त्यांनी भिंगातून नीट बघितलं. जंताला डोकं नव्हतं. आतड्याला तो जिथं डोक्यानं चिकटलेला असतो, नेमका तिथंच फावड्याचा घाव बसला होता. सरांनी चेंदामेंदा झालेल्या आतड्यातून संध्याकाळपर्यंत ते टाचणीच्या टोकाएवढं डोकं शोधलं. मिळालं नाही. मुलांना विषयच मिळाला. बिनपायाच्या पोटात बिनडोक्याचा.

तरी सरांनी चित्रं काढून लेख लिहिला आणि परदेशातल्या एका नियतकालिकाकडे पाठवला. उत्तर ग्रंथालयाच्या संगणकावर आलं, त्याची प्रत मीच काढून दिली. मजकूर सभ्य होता. जंताचं धड माहीत असलेल्या कुठल्याच जंताशी जुळत नाही हे खरं, पण डोक्याशिवाय नाव देता येणार नाही. ताजा, पूर्ण नमुना मिळाल्यास जरूर कळवावं.

"बरोबर आहे त्यांचं," सर म्हणाले. "डोक्यावरच सगळं ठरतं."

म्हणजे एक पूर्ण जंत मिळाला की सुमनताईंचं नाव लागणार होतं. सरांनी सगळीकडे सांगून ठेवलं. शहागंजातल्या रोपवाल्याला, रस्त्याच्या कामावरच्या मुकादमाला, शेंद्र्याकडून येणाऱ्या दूधवाल्याला. तीन-चार वेळा लोकांनी मारलेल्या सापसुरळ्या कागदात गुंडाळून आणूनही दिल्या. सगळ्या उशिराच्या. आत नुसतं पाणी.

आणि मग रशीदभाईंनी जिवंत आणली. रशीदभाई प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर होते, सरांच्या हाताखाली त्यांची सगळी नोकरी गेली होती. मागल्या कुंपणाजवळ पालापाचोळ्याचा ढीग उपसताना ती निघाली. लोणच्याच्या बरणीत घालून ते थेट ग्रंथालयात आले आणि बरणी माझ्या टेबलावर ठेवली.

"लो सर. जिंदी है. क्लोरोफॉर्म काढू का?"

सर बरणीकडे बघत राहिले. "थांब."

"अब काय थांबायचं? बरसों से ढूंढ रहे."

"थांब म्हणतो ना."

"तो फिर गोळी द्या ना सर. शाळेत पोरांना देतात, वैसी. मॅडमच वाटायच्या ना."

"गोळीनं जंत विरघळतो रशीद. पहिलं डोकंच जातं."

रशीदभाईंनी माझ्याकडे बघून मान हलवली आणि चहा प्यायला गेले.

सरांनी ती घरी नेली. एका पसरट कुंडीत माती, पाचोळा, वर जाळी. रोज तिची लेंडी पाण्यात कालवून सूक्ष्मदर्शकाखाली बघायची, कारण आत जंत असेल तर त्याची अंडी बाहेर पडतात. काही दिवसांनी सर ग्रंथालयात आले ते खुर्चीवर बसलेच नाहीत. "आहे," म्हणाले. "तोच आहे. अंडी तीच."

मी विचारलं, "मग आता?"

"आता काय. कापली तर दहा मिनिटांचं काम आहे." मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "सुमन मला वर्गाबाहेर उभं करील."

त्यांनी ठरवलं ते असं. ती आपल्या मरणानं मरेपर्यंत थांबायचं. फक्त ती मरेल तेव्हा आपण जवळ असायचं, म्हणजे जंत ताजा मिळेल. मी विचारलं, "सापसुरळी किती वर्षं जगते?" सर म्हणाले, "कुणी बघितलंय?"

वाळवी हवी होती ती तिच्यासाठी.

पुढची दोनेक वर्षं सर गावाबाहेर गेले नाहीत. जालन्याला त्यांचा पुतण्या असतो. तो न्यायला आला होता, "काका, एकटे कशाला राहता, चला आमच्याकडं." सरांनी सांगितलं, "घरात काम आहे." ग्रंथालयात येणंही कमी झालं. यायचे ते घाईत, वाळवी घ्यायचे आणि जायचे. मी कपाटामागं ओला पुठ्ठा ठेवायला लागले होते. ग्रंथपालानं वाळवी पोसावी हे कुणाला सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून मी सांगितलं नाही.

मी अधूनमधून त्यांच्या घरी जायचे. कुंडी सुमनताईंच्या शिवणयंत्रावर ठेवलेली असायची, तिथं सकाळचं ऊन येतं म्हणून. सर पाचोळा बाजूला करायचे आणि आम्ही दोघं वाकून बघायचो. "पापणी बघा. मिटली." उन्हाळ्यात ते मातीवर पाणी शिंपडायचे, वर ओलं फडकं टाकायचे, दुपारी उठून दोनदा बघायचे. ती चांगली जाड झाली होती. मी एकदा म्हणाले, "सर, तुम्ही मरणाची वाट बघताय आणि सेवा अशी करताय की ती मरायची नाही."

"व्हय," सर म्हणाले. "बघू आता आधी कोण."

शहराचं नाव बदललं तेव्हा त्यांना एक प्रश्न पडला होता. बिनडोक्याच्या जंताच्या चिठ्ठीवर गाव औरंगाबाद लिहिलेलं, आणि डोकं मिळालं तर त्याच्या चिठ्ठीवर दुसरं नाव येणार. वाचणाऱ्याला वाटेल, दोन गावं. दोन दिवस विचार करून त्यांनी ठरवलं, ज्या दिवशी जे नाव, ते त्या चिठ्ठीवर. "जंताला काय, तो तिथंच होता," म्हणाले. त्याच सुमाराला मी विचारलं होतं, जंत ठीक आहे ना? त्यांनी मान हलवली आणि वाळवीची बाटली मागितली. नंतर मी विचारलं नाही, तेही बोलले नाहीत.

सर थंडीत गेले, झोपेत. दुसऱ्या दिवशी पुतण्याचा फोन आला. "मॅडम, तुमचा नंबर भिंतीवर लिहिलेला हाय. इथं एका कुंडीत कायतरी हलतंय. साप हाय का काय हाय, बघा तेवढं. बायको आत पाय ठेवत नाय."

मी कुंडी मांडीवर घेऊन रिक्षानं विद्यापीठात गेले. तिथं शिल्पा शिकवते. ती सरांची विद्यार्थिनी, जंतांवरच काम करते, आणि सुमनताईंच्या नावाची गोष्ट तिला ठाऊक होती. रिक्षात मी एकच विचार करत होते. शिल्पा कापू म्हणाली तर काय म्हणायचं? सरांचा नियम सरांबरोबर संपला असं धरलं तर नाव लागेल. मला तेव्हा दोन्ही उत्तरं बरोबर वाटत होती.

शिल्पानं बरणीतली लोणच्याची फोड काढावी तशी चिमट्यानं जाळी उचलली आणि आत बघितलं. "किती जपलंय हो सरांनी. घाबरू नका मॅडम, लगेच नाही मारत. आधी लेंडी बघू."

आठवडाभरानं तिनं बोलावलं. टेबलावर काचा मांडलेल्या होत्या.

"मॅडम, हिच्यात जंत नाही."

"नाही म्हणजे?"

"एकसुद्धा अंडं नाही. कुंडीच्या कडेच्या जुन्या, वाळलेल्या लेंड्या होत्या, त्याही भिजवून बघितल्या. त्यातही नाही. जंतही म्हातारा होतो, निघून जातो. बरेच महिने झाले असतील, कदाचित वर्षही." तिनं हातातली काच खाली ठेवली. "सर रोज बघत होते ना सूक्ष्मदर्शकाखाली?"

"रोज."

"मग अंडी थांबली त्याच आठवड्यात त्यांना कळलं असणार." शिल्पा त्या काचांकडे बघत म्हणाली, "मला का नाही सांगितलं? ही सोडून दिली असती, दुसरी शोधली असती. सुमनबाईंचं नाव झालं असतं एव्हाना."

मी कुंडी उचलली.

रशीदभाई आता निवृत्त झाले आहेत, पण मी फोन केल्यावर आले. महाविद्यालयाच्या मागल्या कुंपणाजवळ पाचोळ्याचा ढीग अजून आहे. त्यांनी काठीनं ओला पाचोळा बाजूला केला आणि मी कुंडी आडवी केली. ती लगेच निघाली नाही. मातीत तोंड खुपसून पडून राहिली. मग एकदम वळली आणि पानांखाली गेली. वरची पानं थोडा वेळ हलत होती.

रशीदभाई काठीवर हात ठेवून उभे होते. मी शिल्पाचं म्हणणं त्यांना सांगितलं, की सरांना दुसरी शोधता आली असती.

"शोधायची काय गरज, मॅडम," ते म्हणाले. "पिछले बारिश में इधरच दोन निघाल्या. एक तो मैं बरणीत टाकूनपण ठेवली होती. सरांना फोन लावला."

"मग?"

"बोले, नक्को रशीद, छोड दे. घर में है एक."